कोकणात घरावर पत्रा घालताना पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

कोकणात नव्या घरावर आता कौलांपेक्षा पत्राच जास्त चढतो आणि त्यामागे खरी कारणं आहेत. चांगल्या लाकडाचे वासे-रिपा परवडत नाहीत. दरवर्षी मिरगाआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही. वानरांची टोळी एकदा घरावरून नाचून गेली की पुढचा पावसाळा घरात बादल्या मांडून काढावा लागतो. पत्रा हलका, स्वस्त आणि झटपट चढणारा. पण एकाच वाडीत एकाच्या घरावरचा पत्रा काही वर्षांत चाळण होतो आणि शेजाऱ्याचा तसाच धड राहतो, हेही आपण बघतो. दोघांनी मोजलेल्या पैशांत पुष्कळदा फार फरकही नसतो.

माझं सांगणं एवढंच आहे: पत्र्याचा लेप, स्क्रू आणि छपराच्या कडा या तीन ठिकाणी हात आखडू नका. कौलाच्या आकाराचं डिझाइन, खास रंग, दर्शनी भिंतीची सजावट यांत हवी तेवढी काटकसर करा.

आधी घर कुठे आहे ते बघा

पत्र्याचा शत्रू पाऊस नाही, खारा वारा आहे. लाटा फुटतात तिथे बारीक खारे तुषार हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. म्हणून गुहागर, दिवेआगर, हर्णै, तारकर्ली अशा उघड्या किनाऱ्यावरच्या घराला सगळ्यात जास्त त्रास. खाडीच्या आतल्या बाजूला पाणी खारंच असतं, पण लाटा फुटत नाहीत, त्यामुळे तिथे मीठ कमी उडतं. चिपळूण, माणगाव, कणकवलीकडे गेलं की प्रश्न मिठापेक्षा पावसाचा आणि साचलेल्या पालापाचोळ्याचा होतो.

नकाशावर अंतर मोजण्यापेक्षा गावातल्या जुन्या पत्र्याच्या घराच्या वळचणीखाली उभं राहून वर बघा. छपराचा वरचा भाग चांगला दिसेल, पण वळचणीखालची बाजू, पडवीच्या पत्र्याचं पोट, भिंतीच्या पत्र्याचा छपराखालचा पट्टा इथे गंजाचे ठिपके असतील. कारण साधं आहे. पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो, वळचणीखाली तो पोहोचतच नाही. तिथे मीठ साठतं, दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पत्रा महिनोन्महिने ओलसर राहतो. पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीवर ठरतात.

जस्त, गॅल्व्हॅल्यूम की अॅल्युमिनियम

दुकानात तीन प्रकारचा माल दिसेल. पहिला जीआय, म्हणजे लोखंडी पत्र्यावर जस्ताचा लेप. लेप ग्रॅममध्ये मोजतात, एका चौरस मीटरवर दोन्ही बाजूंचा मिळून. १२० ग्रॅमचा लेप म्हणजे एका बाजूला जेमतेम आठ-साडेआठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २७५ ग्रॅमचा म्हणजे सुमारे वीस मायक्रॉन. स्वस्त जीआयवर बहुतेक वेळा हलकाच लेप असतो आणि उघड्या किनाऱ्यावर तो टिकत नाही.

दुसरा गॅल्व्हॅल्यूम. याच्या लेपात वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. बाजारातले बरेचसे रंगीत पत्रे याच जातीचे. हा लेप हलका असल्याने १५० ग्रॅममध्येच एका बाजूला वीस मायक्रॉनची जाडी मिळते. बिलावर तो 'एझेड १५०' असा लिहितात. एझेड ७० आणि एझेड १०० हेही विकले जातात, रंग तोच, चमक तीच. किनाऱ्याजवळच्या घराला एझेड १५० च्या खाली उतरू नका. विचारायचंही थेट: "दादा, लेप किती ग्रॅमचा? बिलावर लिहून द्याल?" बिलावर लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पत्रा घेऊ नका.

तिसरा अॅल्युमिनियमचा पत्रा. याला तांबडा गंज चढत नाही आणि मोडीत विकला तरी पैसे येतात. लाटांच्या समोरच घर असेल तर महाग पडूनही हाच परवडतो, असं माझं मत आहे. मात्र तो मऊ असतो, नारळ पडला की खोक पडते. तापल्यावर तो लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतो: सहा मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने साधारण साडेपाच मिलिमीटर, लोखंडी असेल तर तीन मिलिमीटरच्या आत. म्हणून लांब पत्र्याला स्क्रूचं भोक किंचित मोठं ठेवतात. लोखंडी पाइपावर तो थेट टेकवू नका, खारट ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात. मध्ये रबराची किंवा बिटुमेनची पट्टी घाला.

गोठ्याचं गणित वेगळं आहे. शेणमुताच्या अमोनियाने गॅल्व्हॅल्यूमचा लेप लवकर खराब होतो. गोठा घराला लागून असेल तर त्याचं छप्पर वेगळं ठेवा आणि त्यावर जाड जस्ताचा जीआय घाला.

रंगाबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची. रंगीत पत्र्याच्या वरच्या बाजूला प्रायमरसकट वीस-पंचवीस मायक्रॉन रंग असतो, पण खालच्या बाजूला सहसा पाच-सात मायक्रॉनचाच पातळ हात. खाली बंद सिलिंग असेल तर चालतं. उघडी पडवी असेल तर तीच बाजू मीठ खाणार आणि तिलाच सगळ्यात कमी संरक्षण. किनाऱ्यावर पडवीसाठी दोन्ही बाजूंना पूर्ण रंग असलेला पत्रा मागा. सगळ्या घराला नको, तेवढ्याच भागाला. छटा फिकट घ्या, घर कमी तापतं.

वॉरंटीचं कार्ड पैसे देण्याआधी वाचा. समुद्रापासून किती अंतराच्या आत वॉरंटी लागू नाही, हे बऱ्याच कार्डांवर लिहिलेलं असतं, आणि पाऊस न पोहोचणारे भाग धुवायची अटही असते.

जाडी तराजूवर तपासा

दुकानदार "०.५० आहे" म्हणतो (म्हणजे ०.५० मिलिमीटर जाडी) तेव्हा त्यात लोखंड, लेप आणि रंग सगळं धरलेलं असतं. आतलं लोखंड ०.४२ च्या आसपासच भरतं. काही जण ०.४५ चा पत्रा ०.५० म्हणून खपवतात आणि डोळ्यांना ते कळणं अशक्य. मायक्रोमीटर असेल तर उत्तमच, पण गावात भाताच्या गोणी तोलायचा काटा असतोच. चार फुटी (१२२० मि.मी.) रुंद कॉइलपासून, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीपासून, वळवलेला दहा फुटांचा रंगीत गॅल्व्हॅल्यूम पत्रा ०.५० चा असेल तर सुमारे १३ किलो भरेल, ०.४५ चा साडेअकरा-पावणेबारा, ०.४० चा सव्वादहाच्या जवळपास. एकाऐवजी पाच पत्रे एकत्र तोला, म्हणजे फरक लपत नाही. गाडी रिकामी व्हायच्या आधी तोला.

छपराला ०.५० घ्या. माणूस वर चढणार, नारळ पडणार, वानर उड्या मारणार. भिंतीच्या क्लॅडिंगला, म्हणजे भिंतीवर बाहेरून लावायच्या पत्र्याला, ०.४० ते ०.४५ पुरतो, तिथे पैसे वाचवा.

माप आणि उतार

समजा घर आडवं २४ फूट आणि लांबीला ३६ फूट आहे, आढं लांबीच्या दिशेने. एका पाख्याची आडवी रुंदी १२ फूट. दर दोन फुटांमागे एक फूट चढ ठेवला तर आढं ६ फूट वर जातं आणि पाख्याची तिरकी लांबी सुमारे १३.४ फूट येते. वळचणीचे अडीच फूट धरले की १६ फुटांचा पत्रा. लांबीला दोन्ही टोकांना दोन-दोन फूट बाहेर काढले तर ४० फूट झाले. पत्रा दिसायला साडेतीन फूट रुंद असला तरी एकावर एक चढवल्यावर सव्वातीन फुटांच्या आसपासच झाकतो, म्हणजे एका पाख्याला १३ आणि दोन्ही मिळून २६ पत्रे, ४१६ रनिंग फूट. भाव चौरस फुटाचा सांगत असतील तर तो झाकलेल्या रुंदीचा की पुऱ्या रुंदीचा, हे आधीच ठरवा. भांडणं इथेच होतात.

उतार कमी करून पत्रा वाचवायचा मोह होतो. याच घराला तीनास एक चढ दिला तर प्रत्येक पत्र्यामागे पाऊण फूट वाचेल, सगळ्या छपरात मिळून सव्वा पत्रा. तेवढ्यासाठी उतार मारू नका. उभ्या उतारावर मीठ आणि पाला धुऊन जातो, झडीचं पाणी जोडात मागे चढत नाही. तीनास एक ही कोकणातल्या घराची शेवटची मर्यादा समजा.

पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध मागवा. आडवा जोड म्हणजे गळतीची आणि गंजाची जागा. मात्र वाडीच्या रस्त्याला गाडी वळेल का ते आधी बघा, पाखाडीवरून माणसांनी १६ फूट वाहून न्यायचं असेल तर वाटेतले बांध आणि फांद्याही बघाव्या लागतात.

वारा आणि सांगाडा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात किती छपरं उडाली ते आपण पाहिलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर गेलं. पत्रा वाऱ्याने दाबला जात नाही, उचलला जातो. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर जवळजवळ ६८ किलो भरतो आणि आढं, कोपरे, वळचण इथे ओढ आणखी वाढते. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत साडेचार किलोच्या आत. म्हणजे छप्पर जागेवर राहतं ते फक्त बांधणीमुळे.

म्हणून वरपासून खालपर्यंत साखळी तपासा. पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला), पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीला आणि भिंतीचा वरचा थर खालच्या थरांना धरून हवा. चिऱ्याच्या भिंतीवर नुसती कैची ठेवून सिमेंटने चिकटवलेली मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण वादळात कैचीबरोबर वरचा चिराच उपटतो. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळईचा काँक्रीटचा पट्टा घाला, कैचीच्या पायाचे बोल्ट तो ओतताना त्यातच सोडा, आणि पट्टा कोपऱ्यांतल्या कॉलमला जोडा. कॉलम नसतील तर कोपऱ्यांतून आणि मध्ये सळई खाली चिऱ्यात उतरवा. हा खर्च मागाहून करता येत नाही.

पर्लिनमधलं अंतर मध्ये चार फुटांपर्यंत चालेल, वळचण आणि आढ्यापाशी तीन फुटांवर आणा. शेवटच्या पर्लिनच्या पुढे पत्रा एक फुटापेक्षा जास्त लोंबता ठेवू नका. अडीच फुटांची वळचण हवी तर तिच्याखालीही पर्लिन हवी.

पाइप काळा घेत असाल तर वेल्डिंगच्या जागेवरचा खपला ठोकून काढा, तारेच्या ब्रशने घासा आणि तिथे जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर लावा. नुसता रेड ऑक्साइडचा एक हात किनाऱ्यावर पुरत नाही. पाइपाची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर पाइप आतून सडतो आणि बाहेरून कळत नाही. पत्र्याखाली जाणाऱ्या पर्लिनच्या वरच्या बाजूला रंग आधीच मारून घ्या, नंतर ती बाजू कधीच दिसणार नाही.

स्क्रू

सगळ्या छपराच्या खर्चात स्क्रूचा वाटा अगदी लहान असतो, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. बाजारातला साधा पिवळा किंवा चमकता सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू किनाऱ्यावर डोक्यापासून गंजायला लागतो, मग त्याभोवतीचा पत्रा खातो. जाड लेपाचा, क्लास ४ दर्जाचा (गंजाला जास्त टिकणारा) स्क्रू मागवा. गावच्या दुकानात नसेल तर शहरातून आणवा. वायसर ईपीडीएम रबराचा असावा. साधं रबर उन्हाने कडक होऊन तडकतं.

बरेच जण चांगलं म्हणून स्टेनलेसचे स्क्रू सांगतात. गॅल्व्हॅल्यूमवर ते मारू नका. खारट ओलाव्यात स्टेनलेस शाबूत राहतं आणि त्याच्याभोवतीचा लेप आधी जातो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र स्टेनलेसच योग्य.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, जिथून पाणी वाहत नाही. वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या पर्लिनवर एकाआड एक. किती आवळायचा ते वायसरकडे बघून कळतं: रबर धातूच्या टोपीच्या कडेला नुसतं फुगून दिसलं की थांबायचं. चेपटं होऊन बाहेर आलं किंवा पत्र्याला खळगा पडला, तर तिथून गळणार. त्यासाठी ड्रिल मशीनचा वेग आणि क्लच कमी ठेवायला सांगा आणि पहिले वीस-पंचवीस स्क्रू स्वतः शिडीवर चढून बघा.

पत्रे चढवण्याची दिशाही महत्त्वाची. आपला पावसाळी वारा नैऋत्येचा. आढं उत्तर-दक्षिण असेल तर उत्तरेच्या टोकापासून सुरुवात करून दक्षिणेकडे सरका, पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं.

ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. ठिणग्या रंगावर चिकटतात, लेप जाळतात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. कातर किंवा निबलर वापरायला लावा. ड्रिलचा लोखंडी किसही त्याच दिवशी मऊ झाडूने खाली काढा.

आढ्याचा पत्रा दोन्ही पाख्यांवर किमान सहा इंच यावा आणि त्याखाली मुख्य पत्र्याचं टोक वर वळवलेलं असावं. झडीचं पाणी आढ्यातून आत येतं ते हे टोक सपाट ठेवल्यामुळे. उंचवट्यांखालच्या मोकळ्या फटींत त्याच आकाराचे फोमचे तुकडे बसवा, नाहीतर पावसाचा फवारा आणि वटवाघळं दोन्ही येतील.

ऊन आणि आवाज

पत्र्याचं घर तापतं आणि आषाढात बोलणं ऐकू येत नाही, ही तक्रार खरी आहे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सिलिंग आणि पत्रा यांमध्ये हवा खेळती ठेवणं, वळचणीखाली जाळीच्या फटी आणि आढ्यापाशी गरम हवा बाहेर जायला वाट. पत्र्याखाली चंदेरी बबल शीट घालत असाल तर तिच्या चंदेरी बाजूसमोर इंचभर मोकळी जागा ठेवा, घट्ट चिकटवली तर तिचा अर्धा फायदा जातो. आवाजासाठी फोम किंवा रॉकवूलचा थर हवा. जिप्समचं सिलिंग कोकणच्या दमट हवेत फुगतं, त्यापेक्षा पीव्हीसी किंवा सिमेंट-फायबर बोर्ड घ्या. वायरिंग पाइपातूनच न्या आणि सांगाड्याला अर्थिंग द्या.

जुनी सिमेंटची पन्हळी छपरं काढून पत्रा घालत असाल तर ती फोडू नका. ओली करून अख्खीच उतरवा. त्यातल्या अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

भिंतीवरचा पत्रा

क्लॅडिंग चारही भिंतींना करायची गरज नाही. झड लागते ती पश्चिम आणि दक्षिणेची बाजू आणि छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत. पूर्वी तिथे झावळ्यांचे झाप बांधत, आता निळी ताडपत्री दिसते. तेवढ्याच भागाला पत्रा लावला तर भिंत कोरडी राहते आणि खर्चही आटोक्यात येतो.

पत्रा चिऱ्याला किंवा प्लास्टरला थेट टेकवू नका. ओल्या सिमेंट-चुन्यातला क्षार गॅल्व्हॅल्यूम आणि अॅल्युमिनियम दोन्हींना खातो. इंच-दीड इंचाच्या पाइपांवर पत्रा उभा ठेवा, वर-खाली हवा जायला फट ठेवा आणि खालची कड जमिनीपासून सहा इंच तरी वर, म्हणजे पागोळ्यांची माती तिच्यावर उडणार नाही. भिंतीवर स्क्रू खोलगट भागात मारला तरी चालतो. खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी भिंतीच्या आत दडवून घ्या, नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका.

कोटेशन आणि वेळ

कोटेशन एकठोक घेऊ नका. पत्रा, सांगाडा, आढ्याच्या व कडांच्या पट्ट्या, स्क्रू, वाहतूक, मजुरी असं वेगळं लिहून मागा आणि पत्र्यापुढे जाडी, लेपाचे ग्रॅम, रंगाचा प्रकार. दोन कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा याच ओळींत लपलेला असतो. पन्हळ लावणार असाल तर १,००० चौरस फुटांच्या छपरावरून तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत मिनिटाला दीडशे लिटरवर पाणी उतरतं, त्या हिशेबाने पन्हळ आणि खाली येणारे पाइप मोठे घ्या. पन्हळ भरून वाहिली की पाणी भिंतीकडे येतं.

माल फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगा. मे महिन्यात वेल्डर सापडत नाही आणि घाईत चढवलेल्या छपराच्या कडाच राहून जातात. आलेले पत्रे एकावर एक थप्पी मारून उघड्यावर ठेवू नका. वळवाचं पाणी मध्ये शिरलं की पांढरा गंज धरतो. लाकडी ओंडक्यांवर, एक टोक उंच करून, छताखाली ठेवा.

पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा उन्हाळ्यात, वळचणीखालचा भाग, पडवीचं पोट आणि भिंतीच्या पत्र्याचा वरचा पट्टा गोड्या पाण्याने धुऊन काढा. नळी आणि मऊ ब्रश पुरे. मिरगाआधी छपरावरचा आंब्या-फणसाचा पाला झाडून टाका, विशेषतः आढ्यापाशी आणि पन्हळीत साचलेला. गंजलेला किंवा सैल झालेला स्क्रू दिसला तर तो काढून एक माप जाड स्क्रू नव्या वायसरसह त्याच भोकात बसवा. ओरखडा असेल तर साफ करून टच-अपचा रंग बारीक ब्रशने फक्त ओरखड्यावरच लावा.